बारा-बाराचे पाहुणे

माझा नवरा वुकाशिन कुठलीही गोष्ट अख्खी घेत नाही. सर्बियात, नीश शहरातल्या एका कंपनीत तो प्रोग्रॅम लिहितो. लाखो नावांची यादी एकदम पुढ्यात टाकली की संगणकाला ठसका लागतो, म्हणून हा तिचे तुकडे करतो: पाचशे नावं घे, काम उरक, मग पुढची पाचशे. पायथन या संगणकी भाषेतल्या चार ओळी. लग्नाआधी अंगठीऐवजी त्यानं मला त्याच दाखवल्या होत्या.

सासरे, द्रागुतिन, वसंतात गेले. जन्मभर पोस्टमन, निम्मं शहर ओळखीचं. दर डिसेंबरात घराण्याच्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा आली, की ते दारात उभे राहायचे आणि माणसांची रीघ लागायची. स्लावाला यजमान बसत नाही, आणि कुणाला बोलावणंही धाडत नाही. ज्याला यायचं तो येतो. यंदा मेणबत्ती वुकाशिननं लावायची होती, आणि सासूबाईंनी महिनाभर एकच घोकलं होतं.

"माणसं त्यांची होती रे. तुझ्याकडे कोण येईल? रिकाम्या टेबलापुढे मेणबत्ती जळाली, तर तोंड कुठे लपवू मी?"

वुकाशिनला उलटीच काळजी. "आई, पण आले तर? तीनशे माणसं आणि टेबल बारा जणांचं!"

सासऱ्यांच्या फोनमधली नावं उतरवून त्यानं ती आडनावांप्रमाणे लावली आणि मला पडद्यापाशी ओढलं.

"बघ. शून्यापासून निघायचं आणि बारा-बाराच्या उड्या मारायच्या. प्रत्येक उडीला एक तुकडा. तुकड्याला अर्धा तास."

"आणि शेवटी बारा नाही उरले तर?"

"उरतील तेवढे. पायथन कुरकुर करत नाही."

"पायथन नाही करणार रे. तुझी आत्या करेल."

तो हसला आणि त्यानं बटण दाबलं. निरोप काय पाठवला ते मी नंतर वाचलं. 'आपला गट क्रमांक सतरा. वेळ पाच ते साडेपाच. कृपया वेळ पाळावी.' दवाखान्यातसुद्धा याहून गोड बोलतात.

थोड्याच वेळात पेरसिदा आत्यांचा फोन आला. "वुका! चाळीस वर्षं मी त्या घरात येते. माझ्या भावानं कधी मला घड्याळ दाखवलं नाही. मी काय दात उपटून घ्यायला येतेय?"

सासूबाईंनी यादी मागितली, चष्मा लावला आणि कपाळावर हात मारला. "मिओद्राग आणि तिहोमिर एकाच गटात?"

"सख्खे चुलतभाऊ ना, आई. आडनाव एकच, म्हणून शेजारीशेजारी आले."

"एकच आहे म्हणूनच भांडतात, गाढवा! परक्याशी कोण अकरा वर्षं अबोला धरतं?"

बांधावरच्या एका झाडापायी ते दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. स्लावाला एक सकाळी यायचा, दुसरा दिवे लागल्यावर. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग यादी ढवळून पुन्हा तुकडे करतो," वुकाशिन म्हणाला.

"हात तर लावून बघ!"

स्लावाच्या सकाळी पाद्री आले, त्यांनी पाव कापला आणि ते गेले. नाताळाआधीच्या उपासात मांस चालत नाही, म्हणून घेवड्याचा हंडा, भाजलेले मासे आणि राकिया नावाच्या दारूच्या बाटल्या टेबलावर वाट बघत होत्या. नऊ वाजले. पहिल्या गटातलं कुणी नाही. दुसऱ्यातलं नाही. दुपार झाली तरी जिन्यात पाऊल वाजलं नाही. सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या. वुकाशिन बापाचा कोट घालून दारात तसाच उभा. महिनाभर मी त्याची टर उडवली होती, पण आता मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"एकदम सगळे घालवले गं मी," तो म्हणाला. "एक तुकडासुद्धा उरला नाही."

चारच्या सुमाराला जिन्यात गलका झाला. बाहेर डोकावून बघते तर तीन मजले माणसांनी भरलेले. सगळ्यांत पुढे पेरसिदा आत्या.

"मला सकाळी नऊची वेळ दिलीस ना? म्हणून मुद्दाम आत्ता आले!"

"मला रात्री आठची," मागून सासऱ्यांचा न्हावी ओरडला. "म्हणून मी पण मुद्दाम!"

जो तो मुद्दाम आला होता. जागा नव्हती, तरी सगळे आत घुसले. तिहोमिरलाही पाचचीच वेळ आहे हे मिओद्रागच्या कानावर आलं होतं, म्हणून आपण चारला जावं असा त्यानं हिशोब केला. तिहोमिरचा हिशोबही तोच. दोघं आमच्या चौकटीत पोटाला पोट लावून अडकले. मागे सरकायला जागा नव्हती.

मिओद्राग छताकडे बघत म्हणाला, "तुझा गट कितवा?"

"सतरावा," तिहोमिर भिंतीला म्हणाला.

"माझाही."

"वुकाचा बाप काय कमी होता? तुझी पत्रं माझ्या पेटीत टाकायचा. चुकून पडली म्हणायचा."

"आणि तुझी माझ्या. दर महिन्याला कोण चुकतं?" मिओद्रागनं पहिल्यांदा मान खाली करून त्याच्याकडे बघितलं. "पोरगा बापावर गेलाय."

वुकाशिननं तोंड उघडलं. आडनावांचा क्रम, बाराच्या उड्या, सगळं आता तो समजावून सांगणार हे मला दिसलं, आणि मी टाच त्याच्या पायावर जोरात रोवली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. डोळे पुसून झाल्यावर त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "यजमान, बघत काय उभा राहिलास? पाहुण्यांना राकिया ओत."