बोटं उमटेनात

काचेपलीकडच्या मुलीने माझी चार बोटं यंत्रावर दाबली, पुसली, परत दाबली आणि म्हणाली, "आजी, काहीच येत नाहीये."

"आजी व्हायलाच चाललेय. अजून झाले नाही," मी म्हटलं. "आणि येत नाही म्हणजे काय? हात आहे ना समोर?"

"हात आहे हो, ठसा नाहीये. बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत तुमच्या."

मी बोटं डोळ्यांजवळ नेली. इतक्या वर्षांत कधी बघितलीच नव्हती. वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत! माझी दातखीळच बसली. माझी बसली म्हणून शेजारी उभ्या सूनबाईचीही बसली, कारण मी गप्प झालेली तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती.

व्हिसाच्या कचेरीत आम्ही आलो होतो ते लेकीसाठी. ती परदेशात, पोटुशी, आणि जावई जहाजावर कामाला, समुद्रात. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखच देऊन टाकलेली. तिच्याजवळ माझ्याशिवाय कोणी जाणारं नव्हतं. तिने फोनवर बजावलं होतं, "आई, इथे आता नवीन तपासणी सुरू झालीय. नुसता शिक्का मारून सोडत नाहीत. तिकडे बोटं देऊन ये, इथे उतरलीस की परत बोटं आणि चेहरा. जुळलं तर आत, नाही तर मागे."

मी काचेतल्या मुलीला म्हटलं, "सही देते की. झोकदार करते."

"सही नको. बोटंच हवीत."

ऐका! मी सासरी आले तेव्हा घरातल्या साऱ्या बायका अंगठा उठवायच्या. मी धुवायला येणाऱ्या कपड्यांवरच्या खुणा बघून बघून अक्षरं गिरवली आणि सही शिकले. बँकेत कोणी शाईची डबी पुढे केली की मी ती परत सरकवायची, "पेन द्या" म्हणून. जन्मभर अंगठा देणार नाही म्हणून ताठ राहिले, आणि आता अंगठाच मागितला तर तो कोरा निघाला.

आमचं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. सोडा, खळ, गरम पाणी, यातच हात. शिवाय माझी सवय. इस्त्रीला आता आकडे असतात, दिवा असतो. मी मानत नाही. वाटीतल्या पाण्यात दोन बोटं बुडवायची आणि इस्त्रीच्या बुडाला टेकवायची. चर्र वाजलं तर सुती घ्यायचं, नुसतं स्स झालं तर रेशीम. माझ्या हातून आजवर एक कपडा जळला नाही. रेघा जळत होत्या, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

मुलगी भली होती. म्हणाली, "महिनाभर हाताला काम देऊ नका. तेल लावा. कातडी नवी आली की रेघा येतात. मग या."

झालं. सूनबाईच्या हातात राज्य गेलं. तिने मला दुकानात खुर्चीवर बसवलं, हातांत सुती मोजे चढवले. मी नुसती बादलीकडे वळले तरी तिकडून हाक यायची, "अहो आई, हात!"

"हात काय हात? चोर आहे का मी?"

मुलगा इस्त्री फिरवता फिरवता हसायचा. "आई, हात बांधले तर तुझ्या तोंडाला दुप्पट काम लागलंय."

"मग नीट कर. ती बाही बघ, कुत्र्याने ओढल्यासारखी दिसतेय."

रात्री सूनबाई माझ्या हातांना तेल चोळायची. मी म्हणायची, "पुरे, तळायचेत का मला?" पण बोटं हळूहळू बदलली. वाळूवरून पाणी ओसरल्यावर उमटतात तशा बारीक रेघा आल्या. परत गेलो तर दहाही बोटं यंत्राने घेतली. काचेतल्या मुलीने टाळी वाजवली. मी चेहऱ्यावर फार दाखवलं नाही, पण मोजे त्याच दिवशी फेकले. व्हिसा येईपर्यंत सूनबाईने मला इस्त्रीला मात्र शिवू दिलं नाही.

निघायचा दिवस. बॅग दाराशी, गाडी खाली उभी, आणि मुलगा मला सोडायला तयार होऊन आला. त्याची कॉलर बघितली आणि माझं डोकं फिरलं. एक टोक वर, एक खाली.

"काढ तो शर्ट."

"आई, उशीर होतोय."

"इस्त्रीवालीचा मुलगा विमानतळावर असा उभा राहणार? काढ!"

त्याने काढला. इस्त्री तापलेलीच होती. मी वाटीत दोन बोटं बुडवली आणि टेकवली.

जन्मभर जे केलं तेच केलं. जुनी कातडी असती तर चर्र वाजून सुटली असती. ही नवी, महिनाभर तेल पिऊन लोण्यासारखी झालेली. मी ओरडलेसुद्धा नाही. नुसती बघत राहिले. दोन्ही बोटांची टोकं पांढरी, मग लाल, मग फुगली.

सूनबाई धावत आली, माझा हात नळाखाली धरला आणि किंचाळली, "आई, काय केलंस हे!"

'अहो' गेलं, 'केलंत' गेलं. एरवी मी तिला तिथेच उभी सोलली असती. त्या दिवशी सोडून दिलं. मुलगा बनियनवर उभा, चेहरा खडूसारखा. आम्ही तसेच गाडीत बसलो. शर्ट तसाच, कॉलर तशीच.

तिकडे विमानातून उतरल्यावर रांग. माझी पाळी आली. खिडकीतल्या अधिकारी बाईने खूण केली. मी उजवा हात ठेवला. लाल दिवा. परत ठेवला. लाल. तिने भुवया वर केल्या, काहीतरी विचारलं. मागे एक बाई आपल्या भाषेतली निघाली, तिने सांगितलं, "बोटांना काय झालं विचारतायत."

"सांगा, इस्त्री तापलीय का बघितलं."

मागची बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने सांगितलं, तेव्हा अधिकारी बाईही बघत राहिली. मी म्हटलं, "सही करते म्हणावं. माझी लेक उद्या ऑपरेशनच्या टेबलावर जाणार आहे." बोलताना माझा आवाज कातर झाला. माझा! परक्या देशात, परक्या बायकांसमोर.

अधिकारी बाईने माझा डावा हात स्वतःच्या हाताने उचलून काचेवर ठेवला. डाव्या हाताने मी कधी इस्त्रीला शिवत नाही. मग चेहरा कॅमेऱ्यापुढे. काही क्षण काहीच झालं नाही. हिरवा दिवा लागला तरी मी हललेच नाही, मागच्या बाईने ढकललं.

बाहेर लेक उभी होती, पोट दोन्ही हातांनी सावरून. तिने माझे हात धरले आणि चटकन सोडले. परत धरले, मऊ तळव्यावरून अंगठा फिरवला, उलटेपालटे केले. तिचा चेहरा पडला.

"आई, हे तुझे हात नाहीत."

यंत्राने नाही म्हटलं तेव्हाही एवढा धक्का बसला नव्हता.

"माझेच आहेत," मी म्हटलं. "चल घरी. आणि तो तुझा झगा कोणी इस्त्री केलाय?"