तीन फूट कमी

मी गवंड्याचा टेप बोलतोय. तीस मीटर लांब, पिवळ्या फितीचा, एका अंगाला फूट आणि दुसऱ्या अंगाला मीटर छापलेला. लोक मला ताणतात, वाचतात आणि गुंडाळून ठेवतात. माझं म्हणणं कधी कुणी विचारलं नाही. पण माझ्या तोंडून एकदा चुकीचा आकडा गेला आणि त्यापायी एका हुशार पोरीची शाळा सुटायची वेळ आली. म्हणून आज तुम्ही विचारा न विचारा, मी सांगणारच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते गंगाखेडच्या हार्डवेअरच्या दुकानातलं कपाट, आणि तिथून मला उचलणारा सिमेंटनं खरबरीत झालेला हात. तो सिद्धोधनचा. राणीसावरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर जांभूळफाटा लागतो, तिथून चार पावलांवर त्याचं गाव. घरी आल्यावर त्यानं मला बुद्धाच्या फोटोसमोर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, "सत्यशीला, आता बघ, इंचाचा फरक पडणार न्हाई."

"आधी तरी कुठं पडत व्हता?" ती म्हणाली. नवऱ्याच्या कामाचा तिला लय अभिमान.

काय दिवस होते ते! सकाळी पांढरी फक्की टाकून पायाची आखणी, दुपारी भाकरी, संध्याकाळी ओळंबा लावून भिंत तपासायची. माझं एक टोक सिद्धोधनच्या हातात, दुसरं त्याच्या जोडीदाराच्या, मुंजाजीच्या. घर बांधणारा माणूस आखणीच्या दिवशी हमखास शेजाऱ्याच्या ओट्याकडं बघतो आणि हळूच विचारतो, "आपला जरा पुढं घेता येईल का?" सिद्धोधन हसून म्हणायचा, "टेपाला इचारा." मी अर्थातच नाही म्हणायचो. भिडेखातर आकडा बदलायचा माझा स्वभाव नाही.

पुढं एकदा विहाराचा चौथरा आखताना पाण्याचा टँकर माझ्या टोकावरून गेला. कडी तुटली, तिच्यासोबत माझा पहिला फूटही गेला. दुसऱ्या कुणी मला फेकून दिलं असतं. सिद्धोधननं तुटक्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून नवी कडी केली आणि मुंजाजीला बजावलं, "ध्यानात ठेव, वाचलं की एक फूट वजा." तेव्हापासून प्रत्येक मापानंतर दोघं एका सुरात ओरडायचे, "एक वजा!" बांधकामावरच्या मजुरांना ते पाठ झालं होतं. हे दोघं सोबत असले की माझ्या मापात खोट निघत नसे.

आता दारूचं सांगतो. दारूबद्दल टेपाला काय कळणार, असं म्हणू नका. मला अंतर कळतं, आणि दारूच्या गोष्टीत सगळ्यात मोठी गोष्ट अंतराचीच आहे.

पूर्वी आमच्या गावच्या माणसाला प्यायची म्हणजे गंगाखेड गाठावं लागे. चोरून विकणारे इकडंतिकडं असतील, पण त्यांच्या दारात उभं राहायची लाज वाटायची. सिद्धोधन वर्षातून दोन-तीनदा प्यायचा. कधी मनात आलंच तर मला थैलीत घेऊन फाट्यावर जीपची वाट बघत बसायचा. अर्धा तास जीप आली नाही की पँट झटकायचा, म्हणायचा, "मरू दे तिकडं," आणि घरी यायचा. त्या न आलेल्या जीपांनी किती संसार सावरले असतील!

मग रस्ता रुंद झाला आणि फाट्यावर देशीचं दुकान आलं. दोन वर्षांत त्याच्या समोर परमिट रूम आली. एक दुकान असतं तेव्हा माणूस दुकानात जातो. दोन झाली की दुकानंच माणसाकडं यायला लागतात. एकानं सकाळी लवकर शटर वर करायला सुरुवात केली, तर दुसऱ्यानं खारे शेंगदाणे फुकट ठेवले. एकाच्या दारातून सुटलेला माणूस समोरच्याच्या दारात सापडायचा. कामावर जायचा रस्ता तिथूनच, यायचाही तिथूनच. सिद्धोधनला आता जीपची वाट बघावी लागत नव्हती, आणि 'मरू दे तिकडं' म्हणायला वेळही मिळत नव्हता.

आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी. भिंतीचा ओळंबा चुकायला लागला. मुंजाजीचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, परभणीच्या डॉक्टरांनी त्याला हात जोडून सांगितलं की बाबा, आता थांब. बसथांब्यावर उभ्या असलेल्या गावच्या कडूबाईला परमिट रूममधून निघालेल्या मोटारसायकलनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं, म्हातारी अजून काठीवर आहे.

आणि शाळा? शाळा त्याच फाट्यावर. सिद्धोधनची लेक धम्मशीला नववीत, गणितात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती आणि तिची मैत्रीण बबिता सोबत जायच्या. एके दिवशी दोन पिलेल्या माणसांनी बबिताची सायकल अडवली आणि नको नको ते बोलले. बबिताच्या घरच्यांनी त्या माणसांना काही केलं नाही, पोरीची शाळा बंद केली. आपल्याकडं हे लय सोपं पडतं.

अशात गावच्या परमेश्वरनं शाळेच्या बाजूच्या आपल्या खोलीत बिअर शॉपी टाकायचं ठरवलं. तोही वाईट माणूस नव्हे, चार लोकांसारखं चार दिवस बरे यावेत एवढीच त्याची हाव. पण ते ऐकल्यावर सत्यशीला सिद्धोधनला म्हणाली, "दोनाच्या मधून पोरगी जीव मुठीत धरून जायलीय. तिसरं उघडलं तर मी धम्माला शाळेत धाडायची न्हाई. मामाच्या गावाला धाडून देईन. मंग शिको न शिको." भिंतीला टेकून धम्मशीला ऐकत होती. हातातलं पुस्तक उलटं धरलेलं होतं.

नियम असा, की शाळेच्या फाटकापासून अशा दुकानाचं दार पंच्याहत्तर मीटरच्या आत नको. मोजायला तालुक्याहून साहेब आले. कागद सगळे आणले, टेप विसरले. "गावात कुणाकडं लांब टेप हाय का?" म्हणून हाक आली, आणि मला घेऊन कोण धावलं असेल? सत्यशीला! धापा टाकत म्हणाली, "साहेब, ह्या टेपानं मोजा. आमच्या ह्यांचा हाय, इंचाचा फरक पडत न्हाई. बराबर मोजा."

अगं माय माझे! मी कसा ओरडू? एक वजा करायचा असतो, हे गवंड्यांच्यातलं बोलणं. ते घरी कधी निघालंच नव्हतं. मजूर कामावर गेलेले, आणि ज्याचा टेप तो सिद्धोधन सकाळी दहा वाजता देशीच्या दुकानापुढच्या ओट्यावर तोंड उघडं टाकून पडला होता. माझं दोरीचं टोक परमेश्वरनं फाटकाशी धरलं, वाचायचं टोक साहेबांच्या हाती. तीनदा मला ताणलं, तीनदा माझा एक एक फूट हिशोबात जास्त धरला गेला. साहेबांनी लिहिलं, पंच्याहत्तर मीटर चाळीस सेंटिमीटर. नियमात बसलं.

परमेश्वरनं पेढे वाटले. सत्यशीलानं मला गुंडाळलं, घरी आणलं आणि लेकीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. खोलीला रंग लागून दुकान उघडेपर्यंतचीच तिच्या शाळेला मुदत होती.

चौथ्या दिवशी देशीच्या दुकानात मी सिद्धोधनच्या थैलीत होतो. मुंजाजी त्याच्याशेजारी पाण्याचा ग्लास घेऊन बसलेला, डॉक्टरांनी मना केल्यापासून तो नुसता सोबतीला यायचा. कुणीतरी मोजणीची गोष्ट काढली, पंच्याहत्तर मीटर चाळीस भरलं म्हणाला. मुंजाजी ऐकता ऐकता थांबला. म्हणाला, "सिध्या, टेप तुझा व्हता म्हणं?"

"असंल."

"आन् एक वजा कुणी केला?"

सिद्धोधनचा ग्लास ओठापाशी राहिला. त्यानं बोटांवर हिशोब केला. तीन फूट. म्हणजे मीटरला थोडं कमी. "चौऱ्याहत्तर," तो पुटपुटला. "मुंजा, चौऱ्याहत्तर आन् वर थोडं."

"मंग जाऊन सांग की!"

सांगायला तोंड लागतं हो. गवंड्याचा टेप तुटका, हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे पोटावर पाय. त्याहून मोठं म्हणजे, त्या दिवशी तू कुठं होतास, हा सवाल येणार. तो घरी आला, मला समोर ठेवून बसला. दोन दिवस कामावर गेला नाही, दुकानावरही गेला नाही. दारूवाचून घाम फुटायचा, कुणी बोललं की अंगावर जायचा. तिसऱ्या दिवशी धम्मशीला आपली पुस्तकं शेजारच्या पोरीला द्यायला काढत होती. गणिताचं पुस्तक तिनं दोनदा गठ्ठ्यात ठेवलं आणि दोनदा काढून घेतलं. सिद्धोधननं ते पाहिलं. मला थैलीत टाकून तो उठला.

त्या दिवशी ग्रामसभा होती. पारावर अर्धं गाव जमलेलं, तालुक्याचे साहेबही आलेले. सिद्धोधननं मला सगळ्यांपुढं उलगडलं आणि दोरीचं टोक वर धरलं. "साहेब, ह्याचा पैला फूट तुटलेला हाय. तीन खेपांत तीन फूट कमी भरतेत. दुकान पंच्याहत्तरच्या आत येतंय. परत मोजा."

परमेश्वर ताडकन उभा राहिला. "गवंडी असून खोटा टेप बाळगतोस? आमच्या घरांची बी मापं अशीच घेतलीस का?"

लोक हसले. मला वाटलं, आता हा खाली बसणार. पण नाही.

"टेप खोटा न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "टेपासंगं मानूस लागतो, तो मी. आन् मी तिथं नव्हतो. देशीच्या दुकानाम्होरं पडलो व्हतो. माझ्या बायकोनं इमानानं टेप दिला, तिला म्हाईत नव्हतं. दोन दुकानांत माझी ही गत झाली, परमेश्वर. तिसरं माझ्या पोरीच्या शाळेला नको चिटकवूस. पाया पडतो."

हसणं थांबलं. बायकांच्या घोळक्यात सत्यशीलानं पदर तोंडाला लावला. तिला राग यावा की रडू यावं, तिलाच कळेना. तिच्या शेजारून काठी टेकत कडूबाई उठली आणि म्हणाली, "साहेब, बसलाव काय? मोजा की!"

साहेबांनी त्याच दुपारी गंगाखेडहून कोराकरकरीत टेप मागवला. फाटकापासून दारापर्यंत चौऱ्याहत्तर मीटर एकोणपन्नास सेंटिमीटर भरलं. परमेश्वरचा अर्ज नामंजूर झाला. त्या खोलीत आता तो खत आणि बियाणं विकतो, सिद्धोधनशी अजून बोलत नाही.

सत्यशीलानं पिशवीतले कपडे काढून परत दांडीवर टाकले. दुसऱ्या दिवशी धम्मशीला शाळेत गेली.

माझं म्हणाल तर माझी नोकरी गेली. तुटका टेप म्हणून गावभर माझं नाव झालं. सिद्धोधनला दोन महिने कुणी काम दिलं नाही, मग राणीसावरगावच्या एका शिक्षकानं घराचा पाया त्याच्या हाती दिला. त्यासाठी त्यानं नवा टेप घेतला. मला मात्र त्यानं टाकलं नाही. मी थैलीच्या तळाशी असतो, थापीच्या खाली.

एवढ्यानं सगळं नीट झालं असं सांगितलं, तर मी खरंच खोटा टेप ठरेन. ती दोन दुकानं आहेत तिथंच आहेत. ती बंद व्हावीत म्हणून सत्यशीला गावातल्या बायकांच्या सह्या घेत दारोदार फिरते, कुणी सही देते, कुणी दार लावून घेते. सिद्धोधनची दारू सुटली म्हणावी तर सुटली, पण मागच्या महिन्यात एकदा तो कामावरून परत येताना देशीच्या दुकानात गेला. बाहेर आला तेव्हा ओट्यावर मुंजाजी बसला होता. त्यानं याची थैली उचलली आणि दोघं चालत घरी आले.

माणसांनो, तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. वाईट इच्छा सगळ्यांनाच होते. ती ओसरायला थोडं अंतर लागतं, थोडा वेळ लागतो. घरापासून आणि शाळेपासून चार पावलांवर दुकानांवर दुकानं थाटून ते अंतर खाऊ नका. चार पावलांत कुणी सावरत नाही.

रोज सकाळी बाप-लेक सोबत निघतात. तो कामाला जातो, ती शाळेला. गाव कौतुकानं म्हणतं, "बघा, सिद्धोधन लेकीला सोडायला जायलाय." मी थैलीत असतो, मला दिसतं. फाटा आला की धम्मशीला गप्पांच्या नादात असल्यासारखी बापाच्या पुढून वळसा घेते, बाप आणि देशीचं दुकान यांच्या मधे येते आणि तिथून शाळेच्या फाटकापर्यंत त्याच बाजूनं चालते.