पस्तीसशे नव्याण्णव

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. पस्तीसशे नव्याण्णव. मला कोणी घडवले नाही. पहिला माणूस बोटे मोजू लागला त्याच्या कितीतरी आधीपासून मी आहे. माझी शेजारीण छत्तीसशे मोठी लाडकी. दोनाने भागा, तिनाने भागा, पाचाने भागा, ती हसत वाटली जाते. माझ्याकडेही दोन आले, तीन आले, पाच-सात येऊन गेले. सगळ्यांनी काही ना काही बाकी ठेवली. पुढे माझ्याकडे कोणी फिरकेना. आपल्याला कोणी नाही, असे मीही धरून चालले.

ओडुमासे नावाच्या गावी बाटल्यांची काच कुटून, मातीच्या साच्यात भाजून मणी करतात. तिथल्या एका म्हातारीने साठ मण्यांच्या साठ माळा केल्या होत्या. घरातल्या मुली वयात आल्या की त्याच कमरेला बांधत. माळा सारख्याच हव्यात. एक जरी आखूड निघाली तरी सगळ्या मोडून विकायच्या, अशी घरची रीत. दुसरी रीत अशी, की बाई वारली की तिच्या माळांतला एक मणी तिच्या मुठीत द्यायचा. म्हातारीला पुरले, त्या दिवशी छत्तीसशे त्या घरातून उठली आणि मी आले. माझे कौतुक कोण करणार!

वर्षाने तिच्या दोन लेकी, कोर्कोर आणि धाकटी माकू, माळा नव्या दोऱ्यात ओवायला बसल्या. शेवटची एकाने कमी भरली.

"एक नवा मणी ओव आणि मोकळी हो, ताई. कुणाला कळतंय?" माकू म्हणाली.

"मला कळेल."

"मग वीक सगळं! व्यापारी टपूनच बसलेत."

"आईच्या जागी बाजारातला मणी घालू? जीभ कशी रेटते गं तुझी?"

"मग बस आईची वाट बघत!"

कोर्कोरने रागाने आखूड माळ तोडली. मणी मांडीवर सांडले. समोर एकोणसाठ माळा धड होत्या. तिने मांडीवरचे मणी मोजले, तेही एकोणसाठच. मग तिने एकीची गाठ सोडली, मांडीवरचा एक मणी त्यात ओवला. मग दुसरीत. माकू पुटपुटणे थांबवून गाठी सोडायला लागली. शेवटच्या माळेबरोबर मांडी रिकामी झाली. एकसष्ट मण्यांच्या एकोणसाठ माळा, साऱ्या सारख्या!

मित्रांनो, एकोणसाठ आणि एकसष्ट ही माझीच माणसे होती आणि मला पत्ता नव्हता. इतक्या लांबवर कोणी भागून पाहिलेच नव्हते. मी हरखून गेले.

कोर्कोर मात्र रडत होती.

"आता काय? जमलं ना!" माकू म्हणाली.

"जमलं गं. पण आईची जागा आता कुठे दिसतच नाही."

माकू तिला टेकून बसून राहिली.

आता त्या घरात सगळे 'एकोणसाठ माळा' म्हणतात. माझे नाव कोणी घेत नाही. म्हणून एवढीच विनवणी, मित्रांनो. सारखी वाटणी झाली म्हणून हात झटकू नका. एकदा सगळे मणी मिळून मोजा. छत्तीसशेला एक कमी भरेल. ती म्हातारीची जागा आहे, आणि ती मी एकटीच सांभाळून आहे.