पिवळं कार्ड आणि आठ नंबरची नायरा

मित्रांनो, मी एक जुनं पिवळं कार्ड आहे. फुटबॉलच्या मैदानावर पंच खिशातून काढून हात उंच करतात ना, तेच. माझा एक कोपरा दुमडलाय, पाठीवर चिकटवलेला पांढरा कागद मळलाय. पण एका दुपारी पंधरा हजार माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती! ती दुपार सांगायची म्हटलं की आजही माझ्या कडा थरथरतात.

माझा जन्म असुन्सिओन शहरातल्या चार नंबरच्या बाजारात झाला. तिथे एक म्हातारबाबा दुकानांच्या पाट्या कापून द्यायचे. एका बेकरीची पिवळी पाटी कापून उरलेला तुकडा म्हणजे मी, आणि औषधांच्या दुकानाची लाल पाटी कापून उरलेला तुकडा म्हणजे माझं जुळं भावंड, लाल. झुनिल्दा ब्रीतेस नावाची एक उंच, सडपातळ बाई आली. तिने आम्हा दोघांना उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, कोपरे गोल करून द्या हो. घाईत काढताना बोटाला लागतं."

तिने मला छातीच्या खिशात ठेवलं आणि लालला पँटच्या मागच्या खिशात. घाईत हात चुकू नये म्हणून पंच असंच करतात. लाल अबोल. महिनोन्महिने अंधारात पडून राहायचं, पण बाहेर आलं की एखाद्या खेळाडूचा खेळच संपायचा. माझं काम वेगळं. मी म्हणजे ताकीद. "बाळा, एकदा चुकलास, आता सांभाळ," एवढंच मी सांगायचं. एकाच खेळाडूला मी एका सामन्यात दोनदा दिसले, की मात्र माझ्यामागून लाल यायचंच.

छातीशी राहत असल्यामुळे झुनिल्दाचं काळीज मला रोज ऐकू यायचं. बाहेरून ती दगडासारखी कडक, पण एखादी मुलगी पडली की आत आधी एक ठोका चुकायचा आणि मग शिट्टी वाजायची.

आमची पहिली वर्षं अरेग्वा गावाच्या मैदानावर गेली. तिथे गवत कमी आणि तांबडी माती जास्त. एका बाजूला आंब्याची झाडं, दुसऱ्या बाजूला रखरखीत ऊन. तेव्हा गावाने सावलीसुद्धा अर्धी अर्धी वाटून घेतली होती. पहिल्या अर्ध्यात एका संघाची माणसं सावलीत, दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्या संघाची. मध्यंतर झालं की खुर्च्या, तेरेरे या गार काढ्याचे पेले, बर्फाच्या पाण्याचे थर्मास, तान्ही पोरं असं सगळं उचलून माणसं बाजू बदलायची.

झुनिल्दाने माझ्या पाठीवर तसेच दोन रकाने आखले होते. डावा सावलीतल्या संघाचा, उजवा उन्हातल्या संघाचा. ताकीद दिली की त्या रकान्यात ती पेन्सिलीने खेळाडूचा नंबर लिहायची. आणि मध्यंतरात माणसं बाजू बदलू लागली की तीही मला फिरवायची, डोकं खाली, पाय वर! डावा रकाना उजवीकडे यायचा, उजवा डावीकडे जायचा. हिशेब बरोबर!

चिपा म्हणजे चीजचे पाव विकणारी पाब्लाआजी, सगळ्यांची न्या पाब्ला, टोपली डोक्यावर घेऊन कडेला उभी असायची. ती ओरडायची, "झुनिल्दा, माझ्या नातवाला कार्ड दाखवलंस तर आज तुला चिपा नाही, सांगून ठेवते!"

"मग नातवाला सांगा, न्या पाब्ला, लोकांच्या पायाशी नको, चेंडूशी खेळ म्हणावं."

"अगं, चेंडू सापडत नाही गं त्याला!"

सगळं मैदान हसायचं. झुनिल्दा कार्ड दाखवायचीच, आणि खेळ संपल्यावर न्या पाब्ला तिच्या हातात गरम चिपा ठेवायचीच.

नऊ वर्षं अशी गेली. झुनिल्दा गावातून शहरात आली, शहरातून देशाच्या सामन्यांत. आणि एके दिवशी तिला आंतरराष्ट्रीय पंचाचा बिल्ला मिळाला! त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींची दक्षिण अमेरिकेची स्पर्धा असुन्सिओनला भरली आणि उपांत्य सामना तिच्या हाती आला. इक्वाडोर विरुद्ध बोलिव्हिया. आयोजकांनी सगळ्या पंचांना नवी कोरी, चकचकीत कार्डं वाटली. झुनिल्दाने ती बॅगेत टाकली. "हाताला याचीच सवय आहे," असं म्हणून तिने मलाच खिशात घातलं. मी कसं फुगले असेन, विचारूच नका.

नाणेफेकीला बोलिव्हियाची कर्णधार आली. नायरा चोके, आठ नंबर. बुटकी, काटक, गालांवर उन्हाने फुटलेली कातडी.

"प्रोफे," तिकडे पंचांना म्हणतात तसं ती हसत म्हणाली, "आज शिट्टी जरा हळू वाजवा हं. माझी आई एल आल्तोहून दोन दिवस बसने आलीय. हॉर्न ऐकून ऐकून कान दुखतायत तिचे."

"आईला सांग, तू नीट खेळलीस तर मी शिट्टी वाजवणारच नाही."

"नीटच खेळणार. पुढच्या स्पर्धेला मी अठराची असेन, घेणार नाहीत मला. रविवारची फायनल खेळायचीय, प्रोफे. हीच एक आहे माझ्यासाठी."

बोलिव्हियाच्या लोकांत हिरवी शाल घेतलेली एक बाई उभी होती. सगळे बसले, पण ती बसली नाही. नायराची आई तीच, हे कुणी सांगायला नको होतं.

सामना सुरू झाला आणि काय वेग! चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. झुनिल्दाच्या छातीत ढोल वाजत होता. बाविसाव्या मिनिटाला इक्वाडोरच्या आठ नंबरने एकीला मागून ओढलं. मी बाहेर! झुनिल्दाने माझ्या डाव्या रकान्यात लिहिलं, 8. डाव्या बाकड्यावर इक्वाडोरची माणसं होती, उजव्यावर बोलिव्हियाची. बरोबरच होतं.

मध्यंतराला गोल एक-एक. खेळाडू आत जाऊ लागले. झुनिल्दाने घाम पुसला, मला खिशातून काढलं आणि... मला उलटं फिरवून परत ठेवलं.

अहो, नाही! इथे कुणी बाजू बदलत नाही! दोन्ही बाकडी होती तिथेच राहणार होती. इथे सावली वाटून घ्यायला आंब्याची झाडं नव्हती, छप्पर होतं! पण नऊ वर्षांची सवय बोटांत मुरलेली असते, बोटं डोक्याला विचारत नाहीत. इक्वाडोरच्या रकान्यातला आठ आता बोलिव्हियाच्या बाजूला आला. आणि हा आकडा म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोळे, उलटा धरला तरी आठच! मी खिशात तडफडत होते. पण कार्डाला कुठे तोंड असतं?

एकाहत्तरावं मिनिट. इक्वाडोरची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट निघाली. नायराने पाय घातला, दोघी गवतावर कोसळल्या. ताकीद द्यायलाच हवी होती. मी वर गेले. झुनिल्दाने नंबर लिहायला मला पालथं केलं आणि तिला दिसलं, बोलिव्हियाच्या रकान्यात आठ आधीच आहे. दुसरी ताकीद! तिचा हात मागच्या खिशाकडे गेला. लाल बाहेर आलं.

सगळं मैदान उसळलं. नायरा गुडघ्यांवर बसली. "प्रोफे, हे पहिलंच आहे माझं! आईशप्पथ, पहिलंच!"

"बाहेर जा."

"प्रोफे, मागच्या अर्ध्यात मी तुमच्याजवळ आलेसुद्धा नाही हो!"

बोलिव्हियाचे प्रशिक्षक कडेवरून ओरडत होते, "अहो बाई, त्या कार्डावर बाजारहाटाची यादी लिहिलीय का? नीट वाचा की!" इक्वाडोरच्या मुली मात्र झुनिल्दाला घेरून म्हणत होत्या, "चला प्रोफे, शिट्टी द्या, वेळ जातोय!" त्यांनी फ्री किकसाठी चेंडू मांडूनही ठेवला होता.

नायरा उठली. डोळे पुसत खेळाडूंच्या आत जाण्याच्या बोगद्याकडे चालू लागली. वर हिरव्या शालीने तोंड झाकून घेतलं.

झुनिल्दाने शिट्टी ओठांत धरली. मित्रांनो, तुम्हाला सांगते, शिट्टी वाजून चेंडूला पाय लागला की पंचालासुद्धा मागे फिरता येत नाही. निर्णय चुकीचा असला तरी कायमचा. नायराची फायनल त्या एका फुंकरीवर होती!

तेवढ्यात झुनिल्दाच्या काळजाचा ठोका चुकला. तसाच, एखादी मुलगी पडल्यावर चुकायचा तसा. शिट्टी ओठांतच राहिली. तिने मला पुन्हा बाहेर काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. झुनिल्दा आठ काढते तेव्हा वरचा गोळा लहान आणि खालचा मोठा असतो. हा आठ डोक्यावर उभा होता! मोठा गोळा वर, लहान खाली.

शिट्टी ओठांतून गळून छातीवर आपटली, अगदी माझ्या खिशापाशी. "थांबा!" ती इक्वाडोरच्या मुलींना म्हणाली. "चेंडूला कुणी हात लावायचा नाही, पायही नाही!" आणि धावत सुटली. कडेला सगळ्या कार्डांची नोंद ठेवणारे चौथे पंच एलादिओ कागद हलवत उभे होते.

"बोलिव्हियाची आठ?"

"कोरी! आधी एकही नाही. इक्वाडोरच्या आठला दिलंयस तू, बाविसाव्या मिनिटाला."

"मग ओरडला का नाहीत, एलादिओ?"

"घसा बसला माझा ओरडून! तू बघतेस कुठे?"

पंधरा हजार माणसं शिट्ट्या मारत होती. त्या गोंगाटातून झुनिल्दा बोगद्याच्या तोंडाशी गेली. नायरा पायरीवर बसली होती, एक बूट काढून हातात घेतलेला.

"नायरा, चूक माझी आहे. बूट घाल. चल परत."

"खरंच, प्रोफे?"

"तुझ्या नावावर एक पिवळं आहे, ते राहणार. लाल मी मागे घेतेय. चल, ऊठ!"

मग तो बूट कसा चढला, नाडी कशी बांधली, देव जाणे! झुनिल्दाने हात हलवून सगळ्या मैदानाला खूण केली, लाल रद्द. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी तिला आंधळी म्हटलं. तिने सगळं ऐकलं आणि मान ताठ ठेवून शिट्टी वाजवली. फ्री किक खेळाडूंच्या भिंतीला लागली. शेवटच्या मिनिटाला बोलिव्हियाच्या एका मुलीने डोक्याने गोल केला, आणि वर ती हिरवी शाल झेंड्यासारखी फडकली!

संध्याकाळी झुनिल्दाने अहवालात स्वतःच्या हाताने लिहिलं, "कार्ड मी उलटं धरलं. दोष माझा." फायनलसाठी तिचं नाव चर्चेत होतं, ते गेलं. रविवारी ती तिकीट काढून प्रेक्षकांत गेली. मी तिच्या पर्समध्ये होते. जिना चढताना हिरवी शाल समोर आली.

"तू तीच ना गं? लाल दाखवणारी?"

"हो, तीच."

"माझं दहा वर्षांचं आयुष्य गेलं त्या दिवशी."

"माझंही, बाई."

मग ती बाई शेजारणीला म्हणाली, "सरक गं जरा, हिला बसू दे." आणि भाजलेल्या मक्याची पुडी झुनिल्दापुढे धरली. खाली बोलिव्हियाची आठ नंबर धावत मैदानात आली. पहिल्यांदाच तिची आई खाली बसली.

मित्रांनो, आता माझं मैदान सुटलं. झुनिल्दा नव्या पंचांना शिकवते आणि पहिल्याच दिवशी मला वर्गात फिरवते. तो आठ तिने अजून पुसलेला नाही. मुलं हसतात, मला राग येत नाही. माझं एकच मागणं आहे. ताकीद जपून द्या, आणि कुणाला बाहेर काढायची वेळ आली, तर मला आधी नीट पाहा. तरीही चूक झालीच, तर लोक हसतील म्हणून थांबू नका. ती मुलगी अजून पायरीवरच बसलेली असते. धावत जा आणि तिला परत बोलवा.