सत्कार आधी, सभा मागनं

ऐका ना, मधी कुनी बोलू नका, न्हाईतर माझं सगळं मागंम्होरं व्हईल. आमचा रुद्र तुम्ही बघितलाय. माझ्या भावाचा, शंभूदादाचा पोरगा, अजून नीट बोलत बी न्हाई. आता आमची वस्ती कुठं हाय, गायरानाच्या कडंला. आन् गावाचा सगळा कचरा त्या गायरानात. टाकत्यात आन् पेटवत्यात. आधी एवढा नव्हता. रांजणगावच्या कंपन्या वाढल्या, गावात भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठल्या, मानूस वाढलं तसा कचरा वाढला. प्लॅस्टिक, थर्माकोल, कसल्याकसल्या गोन्या. आता तो इझतच न्हाई, धुमसत ऱ्हातो. वारा फिरला की धूर थेट आमच्या दारात.

रुद्रची छाती नाजूक. धूर आला की बरगड्या आत वढल्या जात्यात, गळ्यापाशी खड्डा पडतो. वाफेचं मशीन आनलंय, पन लाइट गेली की ते बी गप. दोनदा शिरूरला ॲडमिट केला. दुसऱ्या टायमाला डॉक्टर वैतागून म्हनले, "औषध मी देईन, धूर मी कसा बंद करू? एक तर कचरा हलवा, न्हाईतर पोराला हलवा."

घरी आल्यावर सुषमावहिनीनं पदर खोचला आन् सासऱ्याम्होरं, माझ्या आप्पांम्होरं, उभी ऱ्हायली. आमची वहिनी कधी आवाज चढवत न्हाई, तुम्हाला म्हाईतीय. म्हनली, "मामा, ह्या ग्रामसभेत कचरा हलवायचा ठराव झाला तर मी इथंच हाय. न्हाई झाला तर मी पोराला घिऊन माहेरी पाटसला जाती. मग मला न्यायला कुनी येऊ नका."

दादा तिथंच व्हता. बुटाच्या लेसी बांधत व्हता. वर बघितलंच न्हाई त्यानं.

आप्पा म्हनले, "व्हईल गं पोरी. आपन करूच."

आता कोरमचं सांगते. ग्रामसभेला शंभर मतदार बसलेलं लागत्यात. तेवढे नसले की सभा तहकूब, ठराव न्हाई का काय न्हाई. आन् आमच्या गावात शंभर कवाच भरत न्हाईत. म्हनून मी आन् वहिनी दारोदार हिंडलो. वहिनीच्या काखंत रुद्र. कुनी च्या पाजला, कुनी म्हनलं बघू. सेकंड शिफ्टची पोरं म्हनली, "येतो की, पन कंपनीच्या दीडच्या गाडीला जानार बरं का." म्हनलं जावा की! सभा धाची. दीडपर्यंत ठराव काय, लगीन लावून व्हईल!

आन् आप्पांच्या डोक्यात काय आलं, तर सत्कार. सभेला तालुक्याचे साहेब येनार व्हते ना. आप्पा मला म्हनले, "अंके, रिकाम्या हातानं मागनं घालायचं न्हाई. आधी मान, मग मागनं. आपल्यात तसंच हाय." घोंगडी, काठी आन् पिवळा फेटा. आमच्यात मोठ्या मानसाला ह्योच मान. वस्तीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बी डोलावली. चांगलंच वाटलं की मला! साहेब खूश, ठराव पास.

सभेदिवशी शाळेचं पटांगन भरलं वो! खरंच भरलं. बाया सतरंजीवर, पोरं भिताडाला टेकून, सेकंड शिफ्टवाले युनिफॉर्ममधीच, गळ्यात आयकार्ड. ग्रामसेवक भाऊसाहेब सुद्धा बघत ऱ्हायले. मी वहिनीला कोपरानं ढोसलं, म्हनलं बघ. ती हसली. लई दिवसांनी हसली.

पन साहेबच येईनात. आले तवा साडेअकरा वाजून गेल्यालं. मग सत्कार. आप्पांनी घोंगडी खांद्यावर टाकली, काठी हातात दिली, आन् फेटा बांधायला सुदर्शन. गावात फेटा बांधनारा त्यो एकटाच. आन् त्याला घाई चालत न्हाई. साहेबांचा फेटा बांधला, लांबनं बघितला, परत सोडला. "तुरा बसला न्हाई," म्हनतो. टाळ्या, फोटो.

मला वाटलं झालं. तर सरपंच सोपानरावांनी माइक घेतला. "साहेबांचा झाला. आता आपल्या भाऊसाहेबांचा नको का?" परत टाळ्या. भाऊसाहेबांचा झाला, तर पुढच्या खुर्चीतनं आमचे दगडोबा आबा, आप्पांचे चुलते, मोठ्यानं बोलले, "व्हय रं म्हस्कू, परक्याला फेटा आन् चुलत्याला टोपी?"

सगळं पटांगन हसलं. आप्पांचं तोंड एवढंसं झालं. चुलत्याला न्हाई कसं म्हननार? सोपानराव लगेच म्हनले, "बरुबर हाय आबांचं. ज्येष्ठांचा मान ऱ्हायला न्हाई पायजे." आन् एकाला दिला की दुसऱ्याला द्यावाच लागतो. वरच्या आळीतले म्हनले, आमचे सोडले व्हय? मग त्यांचे. मग माळ्यांचे बबनराव. त्यांना न्हाई दिला तर ते उठून गेले असते, आन् त्यांच्या मागं त्यांची आख्खी भावकी. आता बोला! सुदर्शन बांधतोय, सोडतोय, तुरा काढतोय.

आन् फेटा बांधला की माइक. "दोन शब्द बोला." आबांनी दोन शब्दांत मेंढरं घिऊन कोकनात उतरल्यापासनं सुरू केलं. कुठल्या घाटात लांडगा आला, कसा काठीनं हानला. बाया पदरात हसत्यात. साहेब मोबाइल बघत्यात. माझं सगळं ध्यान घड्याळात. मी आप्पांपाशी वाकून म्हनलं, "आप्पा, बास करा, गाडी येईल." आप्पा दातावर दात ठिवून म्हनले, "गप. मधी तोडलं तर उलटी पडत्याल सगळी."

तेवढ्यात रुद्र खोकाया लागला. तो खोकला मला वळखता येतो, साधा नसतो त्यो. वहिनी उठली. पोराला खांद्यावर टाकून सरळ स्टेजवर गेली. एवढ्या मानसांतनं! सासरा बसलाय, चुलतसासरा बसलाय, तरी गेली. म्हनली, "सायेब, आधी कचऱ्याचा इषय घ्या. मानसं जात्याल."

पन माइक तिकडं सोपानरावांच्या हातात. मागं कुनाला काय ऐकायला गेलं न्हाई. आन् सोपानराव काय म्हनले ठाऊक हाय? "वा! माउलींचा पन सत्कार झाला पायजे!" आन् तिच्या हातात नारळ दिला.

टाळ्या वाजल्या वो. आमच्याच मानसांनी वाजवल्या. त्यांना काय ठाऊक? एका हातात नारळ, एका खांद्यावर खोकनारं पोर, आन् वहिनी म्हनतीय, "नारळ नको. ठराव द्या. सायेब, नारळ नको मला." फोटोवाला म्हनला, "वहिनी, हिकडं बघा."

आन् शाळेच्या गेटात हॉर्न वाजला.

दीडची गाडी. एक हॉर्न, दोन हॉर्न. डायव्हर यूपीचा हाय, खिडकीतनं वरडाया लागला, "अरे चलो भाई, जल्दी! गेट बंद हो जाएगा!" भिताडाची पोरं हलली. पन लगेच न्हाई उठली, ते सांगते तुम्हाला. एकमेकांकडं बघत व्हती. मग सगळ्यांनी शंभूदादाकडं बघितलं. पोर ज्याचं, तो काय करतोय बघू.

दादा उठला.

मी पळाले. गाडीच्या दारात गाठला त्याला, दांडी धरली. म्हनलं, "दादा, तू बस, सगळे बसत्याल. तुझ्याकडं बघून उठले ते. फक्त मोजून व्हईपर्यंत. दादा, वहिनी जाईल."

म्हनला, "हात काढ, अंके."

"न्हाई काढनार."

"काल लाइन लीडरनं तोंडावर सांगितलंय, एकदा लेट झाला तर उद्या येऊच नको. पोराचं ॲडमिट, त्याची औषधं, समदं कंपनीच्या गेटातनंच येतं. का धूर हलल्यावर नुसत्या हवेवर जगवायचं त्याला?"

त्यो चुकीचं बोलत नव्हता ना. त्यानं एकदा स्टेजकडं बघितलं. वहिनी तिथनं त्याच्याकडंच बघत व्हती. मग त्यानंच माझी बोटं दांडीवरनं सोडवली. हळूच सोडवली. मागनं पोरं चढली, सगळी.

पटांगनात आले तवा धूळ खाली बसत व्हती. आन् साहेब म्हनत्यात, "हं, सत्कार झाले. आता विषय घेऊ. भाऊसाहेब, आधी गणपूर्ती मोजा."

भाऊसाहेब बोट नाचवत गेले, फेटे मोजले, बाया मोजल्या, आन् मान हलवली. लांब व्हतं वो शंभर.

आप्पांनी साहेबांचे हात धरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "सायेब, आत्ता व्हती समदी. तुमच्या डोळ्यांम्होरं व्हती. तुम्ही बघितली न्हाईत का?"

साहेब वाईट नव्हते. म्हनले, "आजोबा, बघितली. पण गेलेली माणसं मला लिहिता येत नाहीत." मग घोंगडी घडी घालून ड्रायव्हरकडं दिली, गाडीत ठेव म्हनून.

सोपानराव आप्पांच्या खांद्यावर हात टाकून म्हनले, "म्हस्कूआप्पा, एवढं काय मनाला लावून घेता? तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. आठ दिसांनी आपन चार जन बसू, आन् ठरवू काय ते." चार जन म्हंजी कोनचे, ते आमच्या गावातल्या कुत्र्याला बी ठाऊक हाय. सोपानरावांनी प्लॉट पाडल्यात, ते गायरानाशेजारी हायेत का? न्हाई. त्यांचे प्लॉट गावाच्या पार दुसऱ्या अंगाला, जिथं कचरा हलवायचा म्हनत व्हतो तिथं.

वहिनीनं नारळ टेबलावर ठिवला आन् घराकडं चालाया लागली. आप्पा मागं मागं. "पोरी, आठ दिस थांब. आठच दिस."

ती वळली. म्हनली, "मामा, मला नका सांगू. ह्याच्या छातीला सांगा, आठ दिस थांब म्हनून."

आप्पा रस्त्यातच बसले. सत्कार कुनी काढला, कशापायी काढला, ते त्यांना कुनी बोललं न्हाई. कुनी बोलायची गरजच नव्हती.

मी फाट्यापर्यंत गेले तिच्यासंगं. मशीनची पिशवी माझ्याकडं, कपड्यांची तिच्याकडं. पाटसकडं जानारी चौफुल्याची गाडी लांबनं दिसाया लागली आन् माझा फोन वाजला. दादा. चहाच्या ब्रेकमधनं करत व्हता, मागं मशिनींचा आवाज.

"अंके, झाला का ठराव?"

मी वहिनीकडं बघितलं. तिनं हात पुढं केला, फोन घेतला. मला वाटलं आता बोलंल, रडंल, शिव्या देईल. तिनं काय केलं, रुद्रचं झबलं वर केलं आन् फोन त्याच्या छातीला लावला. नुसता लावून धरला. मला शेजारी उभं राहून ती घरघर ऐकायला येत व्हती, तर दादाला किती आली असंल.

गाडी थांबली. तिनं फोन माझ्या हातात दिला, पोराला घिऊन वर चढली, मी पिशव्या वर दिल्या. खिडकीतनं सुद्धा बघितलं न्हाई तिनं. रुद्रनं बघितलं, हात हलवला.

गाडी गेली तरी फोन चालूच व्हता. "हॅलो. अंके. हॅलो, बोल की. अंके, बोल ना काहीतरी."

काय बोलायचं व्हतं मी? तुम्ही सांगा ना. व्हय, तुम्हालाच इचारतीय.