हौसाबाईची दलाली

आगगाडी सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी कोलशेतची हौसाबाई खाडीतून होडीनंच कल्याणला जायची आणि दारोदार मीठ विकायची. कोणाला काय हवं, कोणाकडे काय पडून आहे, सगळं तिला ठाऊक. कल्याणच्या श्रीपादपंतांना, म्हणजे पेन्शनीत निघालेल्या कारकुनांना, खाडीकाठी वाडीसाठी जागा हवी होती. तिच्या शेजारच्या राघोला जागा विकायची होती. गाठ घालून दिली तिनंच. पंतांना भर उन्हात बांधावरून हिंडवलं, विहिरीचं पाणी चाखवलं, राघो अडून बसला तेव्हा त्याची समजूत काढली. चारशे रुपयांना सौदा झाला.

आणि दलाली कोणाला? दगडू दलालाला! हा गृहस्थ उगवला थेट विसाराचे आगाऊ पैसे मोजायच्या दिवशी, पान खाल्लं, आठ रुपये कनवटीला लावले आणि चालता झाला. वा रे न्याय!

हौसाबाई तडक राघोकडे गेली. "भावोजी, गिऱ्हाईक कोणी आणलं?"

"तुम्हीच, वैनी. नाही कुठं म्हणतो? पण दगडूनं वर्षापूर्वीच शेकडा दोनाची बोली केलेली. तुम्ही कधी बोललात?"

ती खरंच बोलली नव्हती. केलेल्या कामाचं मोल समोरचा आपणहून देईल, असं धरून चालली होती. त्या पैशांतून होडीत स्वतःचा वाटा घ्यायचा होता तिला. रोज दुसऱ्याच्या मर्जीनं बसायचा वीट आला होता. राघोचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा.

पंधरा दिवसांनी श्रीपादपंत ओटीवरून म्हणाले, "अगं मीठवाले, माझ्या मेहुण्यालाही तिकडेच जागा हवी आहे. आहे का कोणाची?"

होती. शेजारच्या बाळकुम गावात, गोड्या विहिरीची. मालकाचं नाव अगदी जिभेवर आलं, ते तिनं गिळलं.

"आहे. शेकडा दोन घेईन. आधी कागदावर लिहा."

पंत हसले. "बायकांची कसली गं दलाली?"

तिनं पाटी डोक्यावर घेतली. एवढा पैसा पुन्हा हातचा जात होता, तरी ती अंगणाबाहेर पडली.

"थांब, थांब!" पंतांनी हाक मारली. ती वळली. त्यांनी कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि तो तसाच हातात राहिला.

"तुमचं नाव काय, बाई?"

आठ वर्षं ती या दारात मीठ मापत होती.

"हौसाबाई," ती म्हणाली. "आणि लिहून झालं की वाचून दाखवा."