महदियाच्या किनाऱ्यावरची पिवळी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. वल्ह्यांची नव्हे, शिडाचीही नव्हे. सायकलसारखे पायडल मारून चालवायची. माझा रंग पिवळा आहे असे लोक म्हणत. आता तो कसा दिसतो ते मला सांगता येणार नाही, कारण गेली चार वर्षे मी हॉटेलच्या धुलाईघरामागे उपडी पडून आहे. तक्रार म्हणून हे सांगत नाही. तक्रार करायलाही अंगात जोर लागतो. पण एका कुटुंबाच्या सुट्टीची आठवण माझ्यापाशी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मोडीत जावे असे मला वाटत नाही.

माझा जन्म ट्युनिशिया देशातल्या स्फाक्स शहरात, एका कारखान्यात झाला. फायबरचे थर साच्यावर चढवून माझे दोन पोकळ तरंगे केले गेले. मध्ये पाणी मागे लोटणारे चाक बसले, पुढे दोघांची बैठक, त्यांच्या पायांशी पायडलांच्या दोन जोड्या आणि मागे लेकरांसाठी एक बाक. आम्ही सहा बहिणी एकाच ट्रकमधून महदियाला आलो, तेव्हा आमच्या अंगाला अजून ओल्या रंगाचा वास येत होता.

किनाऱ्यावर आम्हाला तैयेबकाकांनी उतरवून घेतले. ते मूळचे कोळी. गुडघे गेल्यावर त्यांनी जाळी सोडली आणि हॉटेलने त्यांना आमच्यावर नेमले. रोज सूर्य कलला की ते आमच्या तरंग्यांची बुचे काढून आत झिरपलेले पाणी सांडून टाकत. हिवाळ्यात हॉटेल बंद असे, तेव्हाही ते दर आठवड्याला येत. साखळीला ग्रीस लावत, भेगांवर ठिगळ चढवत आणि काम करताना आमच्याशी बोलत. "तुझं काय दुखतंय ते सांग आता," असे म्हणत ते बोटाने टकटक करत आणि आवाजावरून भेग कुठे आहे ते ओळखत.

ती माझी कौतुकाची वर्षे होती. माझ्यासाठी रांग लागे. ऑस्ट्रियाचे एक म्हातारे जोडपे दर जूनमध्ये येई आणि दुसरी होडी रिकामी असली तरी माझ्यासाठी थांबून राही. मग एका जूनमध्ये एकटी बाईच आली. ती माझ्यावर बसली नाही, नुसती हात ठेवून उभी राहिली.

पुढे हॉटेल विकले गेले. नवे व्यवस्थापक रऊफसाहेब आले. ते वाईट नव्हते, मित्रांनो, पण सतत धावपळीत असत आणि त्यांना लांबून दिसेल तेवढेच दिसे. दर वसंतात ते आम्हाला नवा रंग लावून घेत. रंगाखालची भेग तशीच राही. माझ्या डाव्या पायडलची पिन झिजली होती आणि डावा तरंगा पाणी पिऊ लागला होता. तैयेबकाका पिन मागत, फायबरचे सामान मागत.

"हंगाम संपू दे, मग बघू," रऊफसाहेब म्हणत.

हंगाम संपला की हॉटेल बंद होई आणि उघडले की पुन्हा हंगाम. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. आम्ही दोघीच उरलो, आणि सहाजणींचे काम मात्र तेवढेच राहिले. ऑगस्टमध्ये तर सकाळी एकदा पाण्यात गेले की तिन्हीसांजेपर्यंत मला टेकायला मिळत नसे.

अशाच एका ऑगस्टमध्ये कैरुआनहून एक कुटुंब आले. लस्साद लांब पल्ल्याची बस चालवायचा. त्याची बायको सलूहा सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. आठ वर्षांची रहमा आणि लस्सादची आई मब्रूका, असे चौघेजण. चार दिवस राहणार होते. सलूहाला दोन वर्षांत सलग चार दिवस रजा मिळाली नव्हती, असे तिच्या सासूनेच शेजारच्या खुर्चीवरल्या बाईला सांगितले आणि पुढे जोडले, "पण रंग बघा तिचा. घरात बसल्यासारखा गोरा."

पहिल्या दिवशी खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून सलूहा वाळूवर, माझ्या कडेला टेकून बसली. मी ऐकत होते. ती बसली म्हणजे फक्त जागा घेतली एवढेच.

"सलूहा, माझा चष्मा कुठाय?"

"आई, मला तहान लागली."

"सलूहा, ह्या हॉटेलात चहा म्हणून काय देतात गं? भांडी विसळलेलं पाणी! जा, त्यांना सांग पुदिना घाला म्हणावं."

ती उठे, जाई, येई. लस्साद छत्रीखाली तोंड उघडे टाकून झोपला होता. तोही दमलेलाच होता, त्याला दोष देत नाही. जाग आली की तो समुद्राकडे बघे आणि म्हणे, "सुट्टीपेक्षा बस चालवणं बरं. तिथे निदान बसायला तरी मिळतं."

"तू बसलेलाच आहेस, लस्साद," सलूहा म्हणाली.

"आडवा आहे. बसणं वेगळं."

रहमाने पहिल्याच दिवशी मला हेरले होते. "बाबा, पिवळी होडी!" रोज तिला उत्तर मिळे, उद्या. असे तीन उद्या झाले आणि शेवटचा दिवस उजाडला.

त्या दिवशी शहिली सुटला. वाळवंटाकडून येणारा हा गरम वारा अंगावर तव्याच्या वाफेसारखा येतो. माणसे चिडचिडी होतात, कुत्री सावली सोडत नाहीत. पण महदियाचा समुद्र पूर्वेला आहे, त्यामुळे जमिनीवरून येणारा शहिली लाटांना मागे ढकलतो आणि काठाजवळचे पाणी अगदी गुळगुळीत होते. नवख्याला वाटते, यापेक्षा चांगला दिवस नाही. तैयेबकाकांनी सकाळीच लाल बावटा चढवला, आम्हा दोघींना वर ओढले आणि दोरीने खुंटाला बांधले.

लस्साद रहमाचा हात धरून आला. "काका, पंधरा मिनिटं द्या."

"आज नको, बाळा. शहिली आहे."

"पाणी तर ताटासारखं सपाट आहे की!"

"म्हणूनच नको म्हणतोय. जाताना काही कळत नाही. यायचं म्हटलं की कळतं. आणि ही होडीसुद्धा आता दमलीय, हिचा डावा पाय धड नाही."

"लस्साद, ते नको म्हणताहेत," मागून सलूहा म्हणाली.

पण रहमा रडायला लागली होती. तीन दिवस साठवलेले रडे होते ते. लस्सादचा चेहरा लाल झाला. "चार दिवसांत पोरीचा एक हट्ट पुरवता येत नाही मला? आम्ही इथलेच म्हणून का? परदेशी पाहुण्याला नाही म्हणाला असता का?" तैयेबकाकांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा लस्साद तरातरा हॉटेलात गेला आणि रऊफसाहेबांना घेऊन आला.

रऊफसाहेबांचा एक डोळा जेवणघराच्या दाराकडे होता. "तैयेब, पाहुण्यांना नाही म्हणायचं नसतं. पंधरा मिनिटांत काय होतंय? सोड."

"साहेब, आज नको."

"सोड म्हटलं ना."

तैयेबकाकांनी दोरी सोडली. तिघांना लाइफ जॅकेट घातले, प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला. "लांब जाऊ नका. काठाकाठाने फिरा," एवढेच म्हणाले.

पहिली पाच मिनिटे फार चांगली गेली. रहमा मागच्या बाकावरून पाण्यात हात बुडवून ओरडत होती. सलूहा हसली. चार दिवसांत मी तिचे हसणे ऐकले नव्हते. ते थोडे घोगरे होते, वापरात नसल्यासारखे. लस्सादने तिच्याकडे वळून पाहिले आणि तोही हसला. कोणी जोर लावत नव्हते तरी मी सरसर चालले होते. ते मला कळत होते, त्यांना कळत नव्हते.

"आपण एवढ्या लांब कधी आलो?" सलूहाने विचारले.

किनाऱ्यावरच्या छत्र्या बटणांएवढ्या दिसत होत्या. लस्सादने मला वळवले आणि डाव्या पायडलवर सगळे वजन टाकले. माझी झिजलेली पिन तुटली. पायडल निखळून पाण्यात गेले. मित्रांनो, मला त्या क्षणी जी लाज वाटली ती सांगता येत नाही. माझा डावा तरंगा जड होऊन खाली बसू लागला होता, वारा तोंडावर येत होता आणि तीन माणसे माझ्या भरवशावर होती.

लस्सादच्या बाजूची जोडी निकामी झाली; आता एकटी सलूहा उजव्या बाजूने पायडल मारत होती. आम्ही होतो तिथेच राहत होतो, फार तर.

"जोरात मार!" लस्साद ओरडला. "अगं जोरात! मागे चाललोय आपण!"

ती मारत राहिली. तिच्या मांड्या थरथरत होत्या.

"सलूहा, जोर लाव ना!"

तिने पाय थांबवले.

"मी दमलेय, लस्साद."

ती ओरडली नाही. दवाखान्यात रुग्णाला औषधाची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाली. "आत्ता नाही दमले. कधीपासून दमलेय. तुम्हाला कुणाला दिसत नाही."

मी मागे सरकत होते. लस्सादने रहमाकडे पाहिले, ती गप्प झाली होती आणि आईच्या जॅकेटची कड घट्ट धरून बसली होती.

"इकडे सरक," तो हलकेच म्हणाला. "जपून. मी घेतो तुझी जागा."

सलूहाने आधी माझ्या कडेवरून वाकून डावा तरंगा पाहिला. मग ती रहमाला घेऊन मागच्या बाकाच्या उजव्या टोकाला बसली, म्हणजे माझा तोल थोडा सावरला. डोक्याचा पांढरा रुमाल सोडून तिने तो किनाऱ्याकडे हलवायला सुरुवात केली. लस्साद एकटा पायडल मारू लागला. पायात गोळे आले, तो कण्हला, पण थांबला नाही. "आपण बुडणार का?" रहमाने विचारले. "नाही," सलूहा म्हणाली. "तुझे बाबा नेताहेत ना." लस्सादच्या मानेवरून घाम वाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते, ते नुसते दमल्यामुळे नव्हते.

तैयेबकाकांनी आमच्यावरची नजर काढलीच नव्हती. मी वळायला लागले तेव्हाच ते दुखऱ्या गुडघ्यांनी धक्क्याकडे धावत सुटले होते. थोड्या वेळाने एका कोळ्याच्या इंजिनाच्या नावेतून ते आमच्यापाशी पोहोचले. आधी त्यांनी रहमाला उचलून घेतले, मग सलूहाला, शेवटी लस्सादला हात देऊन वर घेतले. दोरी बांधताना माझ्या अंगावर हात फिरवून पुटपुटले, "झालं, झालं. धर थोडं अजून."

किनाऱ्याला लागलो तेव्हा मब्रूका अंगावरच्या कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. आयुष्यात ती कधी समुद्रात उतरली नव्हती. तिने रहमाला कवटाळले, मग सलूहाला. आणि मग लस्सादच्या पाठीत एक धपाटा घातला. "आंधळा! बसही अशीच चालवतोस का?"

रऊफसाहेब धावत आले. भोवती पाहुणे जमले होते, मोबाइल निघाले होते. साहेबांचा आवाज चढला. "तैयेब! लाल बावटा असताना होडी काढायची नाही हे तुला मी सांगायला हवं? लहान मुलगी होती तिच्यावर! उद्यापासून येऊ नकोस."

तैयेबकाका धापा टाकत होते. त्यांनी खांद्यावरची ओली दोरी खाली ठेवली.

लस्साद वाळूकडे पाहत होता. गप्प राहिला असता तर सगळे तिथेच मिटले असते. तो दुसऱ्या दिवशी कैरुआनला निघून गेला असता. त्याने सलूहाकडे पाहिले. दर वेळी अशी गोष्ट ती निस्तरत असावी, असे मला त्या पाहण्यावरून वाटले.

सलूहा म्हणाली, "हे मी नाही सांगणार. तू सांग."

लस्साद गर्दीतून वाट काढत रऊफसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"त्यांनी नको म्हटलं होतं," लस्साद म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "माझ्या तोंडावर दोनदा नको म्हणाले आणि तुमच्या तोंडावर एकदा. मी ऐकलं नाही. तुम्हाला मी ओढून आणलं आणि तुम्ही सोडायला लावलंत. पायडल मोडकं आहे हेही त्यांनी सांगितलं होतं. ह्या माणसाची चूक नाही. माझी आहे. आणि तुमची."

"भावनेच्या भरात बोलताय तुम्ही," रऊफसाहेब म्हणाले.

"मग लिहून देतो. तक्रारवही आणा."

त्याने खरोखरच हॉटेलच्या वहीत दोन पाने लिहिली. मब्रूका शेजारी ठिबकत उभी राहून म्हणत होती, "नीट अक्षर काढ, त्यांना वाचता आलं पाहिजे." तैयेबकाकांची नोकरी त्या वहीमुळे वाचली. पण कामावरून त्यांचे मन उडाले होते. तो हंगाम पुरा करून त्यांनी आपणहून काम सोडले. मला त्यानंतर कोणी पाण्यात नेले नाही.

त्या दुपारी सलूहा छत्रीखाली झोपली. रहमा काही विचारायला गेली तर लस्सादने तिला उचलून दूर नेले. सूर्य सरकला तशी तो छत्री सरकवत राहिला. तीन तास ती हलली नाही. घरी गेल्यावर त्यांचे काय झाले ते मला ठाऊक नाही. तीन तास झोपल्याने दोन वर्षांचा शीण जात नाही, एवढे मला कळते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आमची पिन झिजते, तेव्हा ती तुम्हालाच पाहावी लागते; रंग लावून भागत नाही. पण माणसांना बोलता येते. ती 'आज नको' म्हणतात, 'मी दमलेय' म्हणतात, तेही बहुधा हळू आवाजात आणि फार उशिरा. तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर असे कोणी म्हणाले तर हातातले सोडा आणि ऐका. त्यांना दुसऱ्यांदा म्हणायला लावू नका.

एवढेच सांगायचे होते. आता थांबते. बोलूनही दमायला होते.